तीन महिन्यांची ती सवलत

आमदार-खासदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली की पद जाते, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २०१३ पर्यंत मात्र तसे नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ नुसार अशा शिक्षेनंतर, सुटका झाल्यावरही सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. तुमच्याआमच्यासाठी हा नियम होताच. जे आधीच सभागृहात बसले होते, त्यांना पोटकलम ४ ने वाचवले होते. निकालापासून तीन महिने अपात्रता नाही, आणि तेवढ्यात अपील केले तर त्याचा निकाल लागेपर्यंत नाही. आपल्याकडे अपिले कशी रखडतात हे सांगायला नको. तोवर पाच वर्षे खुर्चीवरच निघून जात.

ज्येष्ठ वकील लिली थॉमस यांनी २००५ मध्ये याला आव्हान दिले. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये 'सदस्य म्हणून निवडले जाण्यास आणि सदस्य असण्यास' अपात्र, असे एकाच दमात म्हटले आहे. मग उमेदवाराला एक कायदा आणि आमदाराला दुसरा, हे संसद ठरवूच कशी शकते? सगळा खटला त्या 'आणि'वर उभा होता. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पटनायक आणि न्या. मुखोपाध्याय यांनी पोटकलम ४ घटनाबाह्य ठरवले.

त्यानंतर जे घडले त्याची आजही चीड येते. निकाल निष्प्रभ करण्यासाठी मनमोहन सिंग सरकारने सप्टेंबरात वटहुकूम आणला. राहुल गांधींनी तो फाडून फेकण्याजोगा असल्याचे जाहीरपणे म्हटले आणि २ ऑक्टोबरला तो मागे घेतला गेला. त्याच महिन्यात रशीद मसूद आणि लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली.

महाराष्ट्रात नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात २२ डिसेंबर २०२३ रोजी सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांची आमदारकी रद्द झाली. पुढे जामीन मिळाला तरी ती परत आली नाही. अशा वेळी शिक्षा थांबून भागत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. राहुल गांधींना ती ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाली, म्हणून मार्चमध्ये गेलेली खासदारकी परत आली. केदार यांची तीच मागणी उच्च न्यायालयाने फेटाळली आणि २०२४ ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही.