कमी चाललेली गाडी आणि क्लिपखालचा गंज

"फक्त ३८ हजार किलोमीटर चाललीय, नव्यासारखी आहे!" गुहागरच्या घरी ठेवलेल्या गाडीबद्दल आमचे काका हे इतक्या अभिमानाने सांगायचे की कुणाला शंकाच यायची नाही. २००८ची छोटी हॅचबॅक. गणपती, शिमगा आणि आंब्याच्या दिवसांत चालायची, एरवी अंगणात ताडपत्रीखाली. घरापासून समुद्र दोनशे पावलांवर. यंदा ती कऱ्हाडला न्यायची होती, म्हणजे वाटेत कुंभार्ली घाट. म्हणून आधी चिपळूणला गॅरेजमध्ये खड्ड्यावर चढवली. मेकॅनिकने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक पाइपवरची प्लास्टिकची क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचकटली. पापुद्र्यासारखी गंजाची खपली सुटून खाली पडली आणि आतला पाइप ओला दिसला. त्याने तिथे बोट लावलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि म्हणाला, "हे पाणी नाही काका, ब्रेक ऑइल आहे. पाइप पाझरतोय."

काका खाली वाकून बघत राहिले. क्लिपच्या दोन्ही बाजूंना पाइप बरा होता, नुसता तांबूस पडलेला. "पण क्लिपने तर तेवढा भाग झाकलेला होता. मग झाकलेल्या जागीच कसा सडला?"

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण शाळेत शिकलेलं उत्तर इथे उलटं पडतं. खिळे ठेवलेल्या परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय किंवा निदान वाचलाय. गंजायला पाणीही हवं आणि हवाही हवी, असं त्यातून आपण शिकतो. मग जिथे हवा कमी, तिथे गंज कमी, नाही का?

केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात याचं उत्तर एका थेंबात दाखवलं. स्वच्छ पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन दर्शक मिसळायचे: विरघळलेलं लोह भेटलं की निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन. थोड्या वेळात थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडेला गुलाबी कडं उमटतं. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोचतो. मध्यभागी पोचत नाही. आणि लोखंड विरघळतं ते मध्यभागी! विरघळताना लोह इलेक्ट्रॉन सोडतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे ऑक्सिजन एका जागी खर्च होतो आणि लोखंड दुसऱ्या जागी झिजतं. थेंबाएवढी बॅटरीच ती. तांबडा गंज दिसतो तो या दोन जागांच्या मधल्या पट्ट्यात, दोघांचे पदार्थ एकमेकांना भेटतात तिथे.

आता थेंबाच्या मध्याच्या जागी क्लिप ठेवा. क्लिप आणि पाइप यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. गाडीच्या हादऱ्यांनी त्या फटीतली वाळू पाइपवरचा जस्ताचा थर घासून काढते. तिथे शिरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि नवा आत येत नाही. बाहेर मात्र दोन्हीकडे हातभर उघडा पाइप ऑक्सिजन घ्यायला मोकळा. एवढ्या मोठ्या भागाची इलेक्ट्रॉनची मागणी बोटभर जागेने पुरवायची, म्हणून तिथली झीज खोल खड्ड्यासारखी आत जाते. पुढे आणखी एक गोष्ट घडते. फटीत धन भाराचे लोह आयन साचतात, त्यांच्या ओढीने बाहेरचे क्लोराइड आयन आत येतात, लोह आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन आयन मोकळे करतात, आणि फटीत चक्क सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्लामुळे लोह आणखी विरघळतं, म्हणून क्लोराइड आणखी येतात. हे चक्र बाहेरून कुणी न ढकलता चालू राहतं.

यात किलोमीटरचा संबंध कुठे आला? गंज मोजतो ते ओलीचे तास. समुद्राचं मीठ इथे निव्वळ मिठापेक्षा वाईट. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते साधारण ३३ टक्क्यांपासूनच ओलं राहतं. गुहागरच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. ताडपत्रीखाली गाडी कोरडी असते असं आपल्याला वाटतं, क्लिपखाली ती बारा महिने ओली असते. अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथेही हेच होतं. गंजलेल्या ब्रेक पाइपांची मोठी चौकशी संपवताना २०१५ साली तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने लोकांना गाडीचा तळ नीट धुवायला सांगितलं होतं.

मग गुहागर ते चिपळूण ब्रेक व्यवस्थित कसे लागले? या पाइपचा बाहेरचा व्यास बहुधा ४.७५ मिलिमीटर असतो आणि भिंत सुमारे ०.७ मिलिमीटर जाड. जोरात ब्रेक दाबला की आतला दाब वातावरणाच्या १०० पट होऊ शकतो. तरीही भिंतीवर येणारा ताण पोलाद फाटायला लागणाऱ्या ताणाच्या साधारण बाराव्या भागाइतकाच असतो. म्हणजे भिंत झिजत झिजत ०.०६ मिलिमीटरवर, वहीच्या कागदाहून पातळ होईपर्यंत, पाइप निमूट काम करतो. हलक्या ब्रेकला, वीस-तीस पट दाबाला, तो त्याहूनही पातळ झाला तरी टिकतो. तो फुटतो ते पाय पूर्ण जोराने पडल्यावर, समोर काहीतरी आडवं आल्यावर.

घाटातल्या ठरावीक वळणांवर "गाडीला काहीतरी लागतं, ब्रेक फेल होतात" असं म्हणून नारळ फोडणारे बरेच आहेत. ब्रेकला खरी परीक्षा द्यावी लागते ती त्याच वळणांवर. नारळापेक्षा निघण्यापूर्वी पाइपवर टॉर्च मारणं मला हजारपट मोलाचं वाटतं. तसंच गाडीला बसवायची 'गंजरोधक' इलेक्ट्रॉनिक डबी. जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपलाइनला विजेने गंजापासून वाचवता येतं, कारण सभोवतीचं पाणी किंवा ओली माती विद्युत मंडल पूर्ण करते. हवेत उभ्या गाडीला तसं मंडलच नसतं. त्यावर पैसे घालवू नका.

काका आधी म्हणाले, सडलेला तुकडा कापून तेवढाच जोडा. मेकॅनिकने ठाम नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं: बाकीच्या क्लिपाही तितक्याच जुन्या. फ्रिजची तांब्याची नळीही चालत नाही, शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. तांब्यात सुमारे १० टक्के निकेल आणि थोडं लोह घातलेला मिश्रधातू मात्र उत्तम. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरमध्ये तो वापरतात आणि तो हाताने वाकतो. आम्हाला तो मिळाला नाही, म्हणून लेप दिलेला पोलादी पाइप आणला. जुने नट धरून बसले होते. साध्या पान्याने कोपरे गेले असते, म्हणून पाच बाजूंनी पकडणारा नटाचा खास पाना लागला. पाइपाचं तोंड दुहेरी दुमडून पसरवावं लागतं, एकेरी दुमडलेलं तोंड चिरतं. मग जुनं ब्रेक ऑइल सगळं काढलं. नाव ऑइल असलं तरी ते ग्लायकॉलवर्गातलं द्रव आहे, हवेतलं पाणी शोषतं; खरं तेल घातलं तर रबराची वायसरं फुगतात. नवं भरून चाकाचाकाची हवा काढली. शेवटी इंजिन चालू ठेवून काकांनी मिनिटभर पेडल पूर्ण जोराने दाबून धरलं आणि मेकॅनिक खाली प्रत्येक जोडाला कोरडं फडकं लावत फिरला. फडकं कोरडंच राहिलं.

जुना पाइप मी मागून घेतला. मधोमध वाकवला तर तारेसारखा वाकला, क्लिपच्या जागी बोटांनीच मोडला. आता काका दर पंधरा दिवसांनी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुतात, क्लिपांवर पाण्याची रबरी नळी धरून, दोन दोन मिनिटं.