एसक्यूएल क्वेरीचं ऑटोमॅटिक ग्रेडिंग

एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत विद्यार्थ्याने लिहिलेली क्वेरी (म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बरोबर की चूक हे प्रोग्रॅमनेच ठरवायचं आणि तिथल्या तिथे मार्क द्यायचे, याला क्वेरीचं ऑटोमॅटिक ग्रेडिंग म्हणतात. वर्गात साठ पोरं असली तर टीए लोक (सरांचे मदतनीस विद्यार्थी) रात्र जागून तपासतात कसंतरी, पण ऑनलाइन कोर्सला हजारोंनी लोक येतात तिथे हे जमणारच नाही. २०११ साली स्टॅनफर्डने जेनिफर विडम यांचा डेटाबेसचा कोर्स सगळ्यांना फुकट खुला केला तेव्हा त्यातल्या क्वेरी मशीनच तपासत होतं. मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर कोडरनर नावाचं प्लगइन आहे, न्यूझीलंडच्या कँटरबरी युनिव्हर्सिटीतलं, त्यातही एसक्यूएलचे प्रश्न टाकता येतात.

पद्धत साधी. सरांची क्वेरी आणि विद्यार्थ्याची क्वेरी एकाच डेटावर चालवायची आणि दोन्हींचं आउटपुट जुळतंय का बघायचं. ऑर्डर बाय (म्हणजे ठरावीक क्रम) मागितला नसेल तर ओळींचा क्रम सोडून द्यायचा, डुप्लिकेट ओळी मात्र मोजायच्या. कोणी टेबलच ड्रॉप करू नये, म्हणजे उडवू नये, म्हणून फक्त वाचायची परवानगी द्यायची, आणि जॉइनची, म्हणजे दोन टेबलं जोडायची, अट विसरून लाखो ओळी काढणाऱ्यांसाठी टाइमआउट (वेळेची मर्यादा) ठेवायचा, असे लोक प्रत्येक बॅचमध्ये असतात.

खरी गोची इथे आहे की आउटपुट जुळलं म्हणजे क्वेरी बरोबर असं नाही. ६० किंवा जास्त मार्कवाले मागितले आणि पोराने नुसतं ६० पेक्षा जास्त लिहिलं, पण टेबलात नेमके ६० वाला कोणीच नसेल तर त्याला पूर्ण मार्क. जोडी न सापडलेल्या ओळीही ठेवणाऱ्या लेफ्ट जॉइनच्या जागी साधा जॉइन लिहिला तरी सगळ्यांनी कोर्स घेतलेले असतील तर फरक दिसत नाही. नॉट इन (म्हणजे ‘या यादीत नसलेले’) तर त्याहून बेरकी, यादी देणाऱ्या आतल्या क्वेरीत एक नल (न भरलेली किंमत) आला की अख्खं उत्तर रिकामं, आणि नमुना डेटात नल बहुतेक वेळा नसतोच. बरं, दोन क्वेरी कायम सारखंच उत्तर देतील का हे कुठल्याही क्वेरीसाठी ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे ग्रेडर किती चांगला हे शेवटी डेटावरच ठरतं.

यावर पवईच्या आयआयटी मुंबईत एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक्सडेटा ही सिस्टिम बनवली. ती सरांची क्वेरी घेऊन तिच्यात होऊ शकणाऱ्या छोट्या चुका धरते, जॉइनचा प्रकार बदलला, मोठ्याच्या जागी मोठा-किंवा-समान आलं, डुप्लिकेट काढणारं डिस्टिंक्ट लिहायचं राहिलं वगैरे, आणि प्रत्येक चूक उघडी पडेल असा डेटा कन्स्ट्रेंट सॉल्व्हर (दिलेल्या अटींत बसणाऱ्या किंमती शोधणारा प्रोग्रॅम) वापरून तयार करते. २०१५ च्या त्यांच्या पेपरमध्ये खऱ्या कोर्समधल्या क्वेरी यावर तपासल्या, तर आधीच ठरवून ठेवलेल्या डेटापेक्षाच नाही, टीएंनी हाताने केलेल्या तपासणीपेक्षाही रिझल्ट चांगला आला. टीएंना वाईट वाटायचं कारण नाही, तिसाव्या नेस्टेड (क्वेरीच्या आत क्वेरी) क्वेरीपर्यंत कोणाचेही डोळे फिरतात.

अर्धवट मार्कांचा प्रश्न वेगळा. एक कॉलम राहिला म्हणून शून्य देणं अन्यायच. म्हणून याच ग्रुपने पुढे चुकलेली क्वेरी बरोबर करायला कमीत कमी किती बदल लागतात त्यावरून मार्क कापायची पद्धत आणली. कँटरबरीतच अँटोनिया मित्रोविच यांनी १९९० च्या दशकात केलेला एसक्यूएल-ट्यूटर हा शिकवणारा प्रोग्रॅम मात्र क्वेरी नियमांशी ताडून नेमकं क्वेरीच्या कुठल्या क्लॉजमध्ये (भागात) चुकलं ते सांगतो, त्याचा भर मार्कांपेक्षा शिकवण्यावर. नवख्या पोरांना खरं तर हेच जास्त उपयोगाचं.