ज्यू मुलीचे वयात येणे (मध्ययुगीन ऱ्हाइन खोरे)

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलीला १२ वर्षे पूर्ण झाली की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी तिच्या स्वतःच्या शिरावर येते. मुलासाठी हे वय १३. त्यासाठी मुलींचा वेगळा सोहळा मात्र मध्ययुगात नव्हता. आज रूढ असलेला जाहीर ‘बत मित्झवा’, म्हणजे मुलीच्या वयात येण्याचा सोहळा, विसाव्या शतकातला. मुलगी मोठी झाली हे दिसे ते तिच्या हाती आलेल्या कामावरून, आणि पुष्कळदा लग्नावरून.

मुलगी जाणती होऊन ‘मला अमुक हवा’ असे म्हणेपर्यंत बापाने तिचे लग्न ठरवू नये, असा ताल्मूद या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथाचा संकेत आहे. तोसाफोत या ताल्मूदवरच्या मध्ययुगीन भाष्यात त्याला अपवाद सापडतो, आणि कारण धार्मिक नाही, व्यवहारी आहे: परागंदा जिणे दिवसेंदिवस जड होत चालले आहे, आज हुंड्यापुरते पैसे गाठीला आहेत, उद्या असतीलच असे नाही.

ही धास्ती पोकळ नव्हती. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला (क्रुसेड) निघालेल्या ख्रिस्ती जमावांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या जर्मन शहरांतल्या ज्यूंपुढे ‘बाप्तिस्मा घ्या किंवा मरा’ एवढाच पर्याय ठेवला. माइन्झच्या राहेलने आपली चार मुले स्वतःच्या हाताने मारली. तिच्या बेला आणि मात्रोना या मुलींनी पात्याला खाच राहू नये म्हणून सुरी स्वतःच पाजळली, असे हिब्रू बखर सांगते. खाचेची सुरी ज्यूंच्या शास्त्रोक्त पशुकत्तलीला चालत नाही. प्रसंग अक्षरशः असाच घडला असेल असे नाही. बखरकाराला मुलींचे हे जाणतेपण नोंदवायचे होते, हे उघड आहे.

घरातल्या मुलीचे त्याहून जवळचे चित्र वर्म्सचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) एलाझार यांच्या शोकगीतात आहे. ११९६ मध्ये त्यांच्या घरात हल्लेखोर घुसले आणि पत्नी दुल्सिया व दोन मुली मारल्या गेल्या. दुल्सिया व्यवहार करून घर चालवी, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांची चर्मपत्रे शिवी, बायकांना प्रार्थना शिकवी. थोरली बेलेत १३ वर्षांची. प्रार्थना आणि गाणी ती आईकडून शिकली होती. शिवणकाम, भरतकाम करी, वडिलांचे अंथरूण घाली, जोडे उतरवी आणि त्यांच्या तोंडून तोरा ऐकत बसे. सहा वर्षांची हाना रोज ‘शेमा’ या मुख्य प्रार्थनेचा पहिला भाग म्हणे. शास्त्राच्या हिशेबाने बेलेत सज्ञान होती. बापाच्या ओळींत ती अजून घरातली पोर आहे.

वर्म्सच्या सिनेगॉगला (ज्यू प्रार्थनागृहाला) १२१२-१३ मध्ये स्त्रियांचा वेगळा कक्ष जोडला गेला. तिथे बायकांसाठी प्रार्थनागीते म्हणणाऱ्या, गायकाची मुलगी असलेल्या उरानियाचा १२७५ चा स्मृतिलेख प्रसिद्ध आहे.