चुंबकत्व ओसरतं की तुटतं?

मुंबईत मे महिन्याच्या दुपारी गॅडोलिनियमचा तुकडा साध्या चुंबकाला धरून राहत नाही. तोच फ्रिजमधून काढून लावा, टक्कन चिकटतो. मग मुठीत धरा, थोड्या वेळात पुन्हा पकड सुटते. या धातूचं क्यूरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर त्याचं चुंबकत्व टिकत नाही ते, सुमारे २० अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस तो त्या रेषेच्या वरच.

आता पाच भाग गॅडोलिनियम, दोन सिलिकॉन, दोन जर्मेनियम असं आंतरधातू संयुग घ्या. तेही तापवताना सुमारे २७६ केल्विनला, म्हणजे ३ अंशांच्या आसपास, चुंबकत्व गमावतं. तापमानानुसार चुंबकत्वाच्या आलेखात दोन्हींची रेषा खाली घसरते आणि दोन्ही बदल सारखेच समजण्याची गफलत तिथेच होते.

गॅडोलिनियमचं अवस्थांतर सेकंड ऑर्डर, म्हणजे सलग ओसरणारं. लेझीम पथकाची लय हळूहळू ढिली पडावी तशी अणूंच्या चुंबकीय आघूर्णांची, म्हणजे अणूअणूतल्या इवल्या चुंबकांची, शिस्त सुटत जाते आणि क्यूरी बिंदूला शून्यावर येते. मध्ये उडी नाही, सुप्त उष्णता नाही.

संयुगाचं मात्र फर्स्ट ऑर्डर, म्हणजे झटक्यात तुटणारं. ससून डॉकवर मासळीच्या पेटीत बर्फ आणि पाणी एकत्र असतात; उष्णता शिरत राहते, पण बर्फ संपेपर्यंत पाणी तापत नाही. इथेही शिस्तीतले आणि शिस्त मोडलेले भाग शेजारी शेजारी नांदतात. स्फटिकाच्या थरांना जोडणारे काही बंध तुटतात, रचनाच बदलते. थंड करताना चुंबकत्व परततं, पण काही अंश खाली गेल्यावर.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ती कोबाल्टची संयुगं: एका दुर्मीळ मृदेच्या (टर्बियम, डिस्प्रोसियम, एर्बियम अशा धातूंच्या गटातल्या) अणूमागे दोन कोबाल्ट. खोलीच्या तापमानाला स्फटिकाची घडण तीच, तरी टर्बियमचं संयुग सुमारे २३० केल्विनला सेकंड ऑर्डरने बदलतं, डिस्प्रोसियमचं १४० ला आणि एर्बियमचं ३३ ला फर्स्ट ऑर्डरने. कोबाल्टचं चुंबकत्व इथे स्वतःच्या बळावर उभं नसतं, दुर्मीळ मृदेच्या क्षेत्राने ते उभं केलेलं असतं. एर्बियमच्या बाबतीत तो आधार ढळला की कोबाल्टचं आघूर्ण एकदम कोसळतं आणि स्फटिकाचं आकारमानही झटक्यात घटतं.

म्हणून नुसता उतार तीव्र दिसला की ‘फर्स्ट ऑर्डर’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. तापवताना-थंड करताना वेगळ्या रेषा आल्या तरी थांबावं. कमी चुंबकीय क्षेत्रात चुंबकीय पट्टे (एकाच दिशेचं चुंबकत्व असलेले छोटे भाग) अडकूनही तसं होतं. चुंबकनाचा (पदार्थ किती चुंबकित झाला त्या मापाचा) वर्ग उभ्या अक्षावर, क्षेत्र भागिले चुंबकन आडव्यावर मांडा. १९६४ च्या बॅनर्जी निकषानुसार चढ ऋण आला तर फर्स्ट ऑर्डर. सोबत विशिष्ट उष्णताही मोजावी. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत अशी मोजमापं अनेक वर्षं होत आली आहेत.

हा भेद फ्रिज बनवणाऱ्यांनाही भिडतो. १९९७ मध्ये पेचार्स्की आणि श्नाइडनर यांनी त्या सिलिकॉन-जर्मेनियम संयुगात गॅडोलिनियमपेक्षा कितीतरी मोठा चुंबकीय शीतपरिणाम, म्हणजे चुंबकीय क्षेत्र लावून-काढून थंडावा मिळवण्याचा गुण, दाखवला. पण प्रत्येक फेरीत जाता-येताच्या रेषांमधल्या अंतरामुळे काही ऊर्जा वाया जाते, आणि प्रायोगिक चुंबकीय फ्रिजमध्ये साधं गॅडोलिनियम अजूनही वापरलं जातं.