व्हेल शार्क व इतर मोठे सागरी जीव : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरातून मालवण, मालदीव आणि श्रीलंकेच्या आमच्या सहलींसाठी नाव नोंदवताना बहुतेक प्रवासी ‘व्हेल शार्क नक्की दिसेल ना?’ असे विचारतात. तशी हमी आम्ही देत नाही आणि जो देतो, त्याच्याकडे ती हमी कशाच्या बळावर देतो याची चौकशी अवश्य करावी. फिलिपिन्समधील ओस्लोब येथे बारीक कोळंबी चारून हे मासे किनाऱ्याजवळ आणले जातात, त्यामुळे ते हमखास दिसतात. परंतु आयत्या खाण्यासाठी होड्यांजवळ येण्याची सवय लागलेला मासा अन्य ठिकाणीही होड्यांना बिचकत नाही आणि होडीच्या इंजिनाच्या पंख्याने जखमी होण्याचा धोका वाढतो, म्हणून ती सहल आम्ही घेत नाही.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढलेला मासा एसटी गाडीहून लांब भरू शकतो, तरीही तोंड उघडून पाणी गाळत तो प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), अंडी आणि बारीक मासळी एवढ्यावरच जगतो. तो माणसावर हल्ला करत नाही; मात्र त्याच्या शेपटीचा फटका जोराचा असतो आणि पोहणाऱ्यांना इजा होते ती बहुधा त्यामुळेच. मालदीवमध्ये दक्षिण आरी भागात, जो २००९ पासून संरक्षित आहे, हे मासे वर्षभर आढळतात. तेथील नियमानुसार माशाच्या अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर अंतर राखावे लागते, स्पर्श करता येत नाही आणि फ्लॅश वापरता येत नाही. माशाच्या समोरून वाट अडवू नये. बाजूने, तो ज्या दिशेने जात असेल त्याच दिशेने पोहावे. तो खोल जाऊ लागला, तर पाठलाग न करता वर थांबावे.

कोकण किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो, पण मालवणच्या होडीतून तो दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे सकाळी समुद्र शांत असताना कर्ली खाडीच्या मुखाजवळ डॉल्फिन दिसण्याची शक्यता अधिक असते. थव्याच्या मध्ये होडी घालण्याचा आग्रह तांडेलाकडे (होडी चालवणाऱ्याकडे) धरू नये, ही आमची विनंती आहे. व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि जाळ्यात सापडलेला असा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना राज्य शासन २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. श्रीलंकेतील मिरिस्सा येथे डिसेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे होडीतूनच पाहावयाचे असतात; तेथे पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम आमच्या सहलीत नाही.

पंचगंगेत लहानपणापासून पोहणाऱ्यांनाही समुद्रातील ओढ व लाटा वेगळ्या वाटतात, म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यासही लाइफ जॅकेट घालावेच लागेल. होडीवर जाण्यापूर्वी तांबड्या रश्श्याचा मोह टाळावा. हलका नाश्ता करावा आणि बोट लागण्याची सवय असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा गर्भावस्था असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे; होडीत बसल्यावर सांगितल्यास पाण्यात उतरण्याची परवानगी मिळणार नाही. समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाली, तर त्या फेरीचे पैसे परत मिळतील, मात्र मासा दिसला नाही या कारणासाठी मिळणार नाहीत.