चेसापीक उपसागरातील दीपगृहांची सफर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांत शिरलेल्या चेसापीक उपसागराच्या काठावरची व भर पाण्यातली जुनी दीपगृहे पाहण्याचा प्रघात. उपसागराची लांबी सुमारे ३२० किमी. सरासरी खोली मात्र जेमतेम साडेसहा मीटर. जहाजांचा खोल मार्ग अरुंद आणि दोन्ही बाजूंना उथळ वाळूचे पट्टे, त्यामुळे दिवे काठावर लावून भागत नसे, थेट उथळ्यावरच लागत.

पण तळाशी चिखल-वाळू. मुंबई बंदराच्या तोंडाशी खडक होता म्हणून तिथे प्राँग्ज दीपगृहाचा दगडी मनोरा १८७५ मध्ये उभा राहू शकला. त्याच वर्षी अ‍ॅनापोलिसजवळच्या थॉमस पॉइंट उथळ्यावर लोखंडी खांबांवर षट्कोनी लाकडी घर बांधले गेले. ही स्क्रू-पाइलची पद्धत आयर्लंडमधील अंध अभियंते अलेक्झांडर मिचेल यांची. खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा स्क्रू असतो. वर आडवे दांडे लावून खांब पिळत पिळत तळात उतरवतात. खर्च कमी, काम लवकर. लाटा खांबांमधून निघून जातात, त्यामुळे वादळाचा फारसा त्रास नाही.

घात केला बर्फाने. उपसागराच्या वरच्या भागात पाणी कमी खारट असल्याने कडक हिवाळ्यात ते गोठते, आणि भरती-ओहोटीबरोबर सरकणारे बर्फाचे तुकडे खांबांवर येऊन आदळतात. चेसापीकमधले या पद्धतीचे पहिले दीपगृह १८५४ मध्ये पंगोटीग नदीच्या मुखाशी बांधले गेले. १८५६ मध्ये बर्फाने ते आडवे केले. १८८१ मध्ये शार्प्स आयलंडचे घर तर आतल्या रखवालदारांसकट खांबांवरून सुटले आणि सुमारे ८ किमी वाहत जाऊन जमिनीला लागले. रखवालदार वाचले, त्यांनी दिव्याचे भिंगही वाचवले. त्याच्या जागी १८८२ मध्ये काँक्रीट भरलेल्या लोखंडी केसॉनवर, म्हणजे तळात बसवलेल्या मोठ्या नळकांड्यावर, मनोरा उभारला. तोही १९७७ च्या बर्फाने कलला आणि आजही तसाच तिरपा उभा आहे. तो फक्त बोटीतून पाहता येतो.

मूळ जागी टिकलेले उपसागरातले स्क्रू-पाइल दीपगृह आता एकच, थॉमस पॉइंट. खांबांभोवती बर्फ अडवण्यासाठी दगडांचे ढीग टाकलेले दिसतात, त्यांचा वाटा यात मोठा. उन्हाळ्यात ठरावीक शनिवारी अ‍ॅनापोलिसहून मार्गदर्शित फेऱ्या निघतात. बोटीला साधारण अर्धा तास लागतो. आगाऊ नोंदणी हवीच. बोटीतून उतरल्यावर उभ्या शिडीने घराच्या जमिनीतल्या झडपेतून वर जायचे असते, म्हणून दोन्ही हात मोकळे आणि बूट सपाट, न घसरणारे असावेत. वारा वाढला की फेरी रद्द होते. आकाश निरभ्र असले तरी होते, कारण अडचण पावसाची नसून हलत्या बोटीतून शिडीवर पाय टाकण्याची आहे. त्यासाठी एखादा पर्यायी दिवस हाताशी ठेवावा.

त्याआधी हूपर स्ट्रेट (१८७९) किंवा ड्रम पॉइंट (१८८३) पाहणे शहाणपणाचे. पहिले १९६६ मध्ये आडवे कापून, दोन तुकडे तराफ्यावर चढवून सेंट मायकेल्सच्या सागरी संग्रहालयात आणले. दुसरे १९७५ मध्ये सॉलोमन्सच्या संग्रहालयात आले. दोन्हीकडे आत निवांत हिंडता येते. छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या, धुक्यात वाजवायची घंटा, आणि बाहेरच्या सज्जाला टांगलेला, थेट पाण्यावर उघडणारा संडास. दिव्याखालचा संसार यांतून जेवढा कळतो तेवढा माहितीफलकांतून कळत नाही. बाल्टिमोरच्या बंदरातले लाल, गोल सेव्हन फूट नॉल (१८५६) हेही असेच १९८८ मध्ये हलवलेले.

काठावरच्या मनोऱ्यांपैकी हावर द ग्रेसचा कॉनकॉर्ड पॉइंट (१८२७) ११ मीटरचा, ग्रॅनाइटचा, चढायला सोपा. उपसागराच्या माथ्यावरचा, म्हणजे उत्तर टोकाचा, टर्की पॉइंट (१८३३) त्याहूनही किंचित बुटका, पण ३० मीटर उंच कड्यावर असल्याने त्याला जादा उंची लागलीच नाही. तिथे वाहनतळापासून सुमारे दीड किलोमीटर चालावे लागते. रखवालदार फॅनी सॉल्टर यांनी तो १९४७ पर्यंत सांभाळला. नकाशावर ही दोन ठिकाणे समोरासमोर दिसतात, रस्ता मात्र माथ्याला वळसा घालून जातो.

मेरीलँडमध्ये दोन काठ जोडणारा बे ब्रिज हा एकच पूल आहे. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी तो तुंबतो. म्हणून पुलापलीकडच्या सेंट मायकेल्सला मधल्या वारी जावे. उपसागराच्या मुखाशी, व्हर्जिनियात, केप हेन्रीला दोन मनोरे आहेत. चढायचा तो १७९२ चा वालुकाश्माचा, १९१ पायऱ्यांचा. त्याला तडे गेल्यावर शेजारी १८८१ मध्ये लोखंडी मनोरा बांधला. दोन्ही लष्करी तळाच्या आत असल्याने ओळखपत्र तपासले जाते, आणि भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी प्रवेशाचे चालू नियम निघण्याआधीच विचारून घ्यावेत.