इंटरकॉस्टोब्रॅकियल मज्जातंतू

काखेतील आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या वरच्या भागातील त्वचेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू. हाताचे बहुतेक मज्जातंतू मानेच्या बुडाशी असलेल्या ब्रॅकियल प्लेक्सस या जाळ्यातून निघतात. हा मात्र छातीतून हातात येतो. काम दंडाचे, मूळ बरगड्यांमधले!

मज्जारज्जूच्या छातीकडील दुसऱ्या खंडातून निघून दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधून जाणाऱ्या टी२ मज्जातंतूची ही त्वचेकडे येणारी शाखा. खालच्या बरगड्यांमधल्या अशा शाखा छातीच्या कडेला बाहेर पडल्यावर पुढची आणि मागची अशा दोन फांद्यांत विभागतात. ही सहसा तशी विभागत नाही. बरगड्यांमधले स्नायू आणि छातीच्या कडेचा सेरेटस अँटीरियर हा स्नायू भेदून ती काखेतल्या चरबीतून व लसिकाग्रंथींमधून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या बाजूला पोचते. तिथे ब्रॅकियल प्लेक्ससमधून आलेला दंडाच्या आतल्या त्वचेचा मज्जातंतू तिला येऊन मिळतो. दोघांचे प्रमाण व्यस्त असते: एक जाड असला की दुसरा बारीक. काहींमध्ये टी३ची शाखाही मदतीला येते. रचनेत माणसागणिक इतका फरक आढळतो, की पुस्तकातल्या आकृतीवर फार विसंबू नये.

काखेतून जाणारी ही वाटच शल्यचिकित्सेत अडचणीची ठरते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिकाग्रंथी काढताना हा मज्जातंतू ताणला किंवा कापला जाऊ शकतो. तो स्नायूंना चालवत नसल्याने हाताची ताकद जात नाही, पण काख आणि दंडाची आतली बाजू बधिर होते. काहींना तिथे मुंग्या येतात, आग होते, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. ही वेदना कधी कधी वर्षानुवर्षे टिकते. शक्य तिथे तो वाचवण्याचा शल्यचिकित्सक प्रयत्न करतात. बधिर काखेत ब्लेड फिरवताना कापले तरी कळत नाही, ही साधी गोष्ट रुग्णाला आवर्जून सांगायला हवी.

भूलतज्ज्ञांनाही त्याची दखल घ्यावी लागते. ब्रॅकियल प्लेक्ससला भूल दिली की हात बधिर होतो, पण दंडाची आतली बाजू बधिर न होता राहू शकते, कारण तिचा हा मज्जातंतू त्या जाळ्यातला नाहीच. म्हणून काखेजवळ त्वचेखाली वेगळे इंजेक्शन देतात. रक्तप्रवाह थांबवण्यासाठी दंडाला आवळलेल्या पट्ट्याची (टूर्निकेची) वेदना मात्र त्याने पूर्ण थांबतेच असे नाही. रक्तपुरवठा तुटलेले खोल स्नायूही दुखतात.

हृदयविकारात डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला कळ येते, त्याचा संबंधही टी२शी जोडतात. हृदयातील वेदनेचे तंतू मज्जारज्जूच्या छातीकडील वरच्या खंडांत शिरतात आणि दंडाच्या त्वचेचे तंतूही तिथेच येतात. मेंदूची गल्लत होते आणि दुखणे हातातले वाटते.